इंचभर शिपायाचा रास्त भाव

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी एकाच वेळी दोन रंगारी कामाला लागले होते. एक बाहेरच्या खोलीत परांची बांधून भिंती रंगवीत होता. दुसरा म्हणजे मी. आतल्या खोलीत टेबलावर मान घालून धातूच्या चोवीस चिमुकल्या शिपायांना रंग देत बसलो होतो. त्याचा रंग बादलीत होता, माझा बाटलीच्या टोपणात. त्याचा ब्रश चार इंची, माझा तीन शून्यांचा. दोघांचीही कामे एकाच आठवड्यात संपली. त्याला किती पैसे मिळाले आणि मला किती, याचा हिशेब त्या रात्री मी वहीत मांडला आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिलो. प्रस्तुत लेख त्या हिशेबातून निघाला आहे.

आधी या शिपायांविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे हा छंद फारसा परिचित नाही. माझ्या एका मित्राचे थोरले बंधू इंग्लंडात लेस्टर येथे नोकरी करतात. तेथे त्यांना वॉरगेमचा, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या लढायांचा, नाद लागला आहे. मोठ्या टेबलावर टेकड्या, नद्या, गावे मांडायची, दोन्ही बाजूंची सैन्ये उभी करायची आणि फासे टाकून, फुटपट्टीने अंतरे मोजून, नियमांच्या पुस्तकाबरहुकूम लढाई खेळायची असा हा प्रकार. दादांचा क्लब सध्या असईची लढाई मांडतो आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली याची जी लढाई झाली, तीच ही. आपल्या मातीतली लढाई लेस्टरच्या टेबलावर खेळली जाते हे ऐकून मला प्रथम गंमत वाटली. मग दादांनी बॅगेतून एक पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. आत इंग्रजांच्या बाजूचे चोवीस पायदळ शिपाई होते, पण सगळे राखाडी, बिनरंगी.

"तू चित्रकलेचा विद्यार्थी. मला हे रंगवून दे. काय घेशील?" दादांनी विचारले.

"दादा, तुमच्याकडून काय घ्यायचं? द्या तुम्हीच काय ते."

"तसं नको. आकडा सांग."

मी क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि म्हणालो, "चाळीस रुपये नगाला." चोवीस चाळीस नऊशे साठ. मला तो आकडा चांगला घसघशीत वाटला. दादांनी लगेच "ठरलं" म्हटले. ते इतक्या लगेच म्हणाले, यावरूनच मला काही समजायला हवे होते.

या छंदाचा इतिहास थोडा पाहिला तर रंगाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न कोठून आला ते कळते. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात शिपाई नव्हते, लाल आणि निळे ठोकळे होते. पुढे १८९३ पासून लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने आतून पोकळ असे शिशाचे खेळण्यातले सैनिक ओतायला आरंभ केला. धातू कमी लागल्याने ते स्वस्त झाले आणि घरोघरी पोचले. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध कादंबरीकाराने अशाच खेळण्यांतील सैनिकांनी खेळायचे नियम १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. ते सैनिक दुकानात रंगवूनच येत. रंगवणाऱ्याची मजुरी किमतीत मिसळलेली असे, म्हणून ती कोणाच्या नजरेस येत नसे. आजचे शिपाई बहुतेक बिनरंगीच विकले जातात. १९७५ साली स्थापन झालेल्या 'गेम्स वर्कशॉप' या इंग्लिश कंपनीने १९८३ साली 'वॉरहॅमर' हा काल्पनिक युद्धांचा खेळ आणला. आज नॉटिंगहॅमला मुख्य ठाणे असलेल्या या कंपनीच्या खेळांमुळे असे शिपाई जगभर पसरले. शिपाई आपल्या हाताने जोडावेत आणि रंगवावेत हा त्या छंदाचाच एक भाग. परंतु सगळ्यांना वेळ नसतो, सगळ्यांचा हात चालत नाही. मग ते दुसऱ्याला काम सांगतात. येथे रंगाऱ्याची मजुरी शिपायाच्या किमतीपासून सुटी होते आणि 'किती घेशील?' हा प्रश्न उभा राहतो.

आता माझ्या हिशेबाकडे येतो. रोज बसलेल्या वेळेची नोंद मी कॅलेंडरवर करीत होतो. बेरीज छत्तीस तास झाली. रंगाच्या बाटल्या, एक बारीक ब्रश, अस्तराचा फवारा आणि व्हार्निश यांना चारशे वीस रुपये पडले. नऊशे साठांतून ते गेले, उरले पाचशे चाळीस. छत्तीस तासांचे पाचशे चाळीस, म्हणजे तासाला पंधरा रुपये. बाहेरच्या खोलीतील रंगारीमामांची हजेरी दिवसाला आठशे होती. म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला शंभर, आणि रंग आमचा. माझे छत्तीस तास त्यांच्या दराने छत्तीसशे रुपये झाले असते.

मामा थोर आणि मी क्षुद्र असे म्हणायचे नाही. मामांचा हात वीस वर्षांचा आहे, माझा तिसऱ्या वर्षाचा. पण दोघांतला खरा फरक हाताचा नव्हताच. दर सांगण्यापूर्वी मामांनी वडिलांना सात प्रश्न विचारले होते आणि मी दादांना एकही विचारला नव्हता. मी तेथेच बसलो होतो, म्हणून ते प्रश्न मला आठवतात. जुना रंग किती खरवडायचा? लांबी कुठे कुठे भरायची? अस्तराचा एक हात की दोन? वरून रंगाचे हात किती? मालासकट सांगू की नुसती मजुरी? सामान कोण हलवणार? आणि दिवाळीच्या किती दिवस आधी हवं? एवढे विचारून झाल्यावर त्यांनी भिंतींवर नजर फिरवली, मनाशी दिवस मोजले आणि उक्ता आकडा सांगितला. वडिलांनी नेहमीप्रमाणे घासाघीस केली. मामा म्हणाले, "साहेब, एक हात कमी करा, तेवढे पैसे कमी करतो. हजेरी कमी नाही करत."

मला वाटते, रास्त भावाचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. मामांचे तेच सात प्रश्न इंचभर शिपायाला विचारून पाहू.

पहिला प्रश्न खरवडण्याचा. साच्यातून निघालेल्या शिपायाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी साच्याच्या सांध्याची बारीक रेघ असते. ती कानशीने आणि धारदार पात्याने काढावी लागते, नाही तर रंग दिल्यावर ती नको तितकी उठून दिसते. कोणी आधी वाईट रंगवलेले शिपाई पुन्हा रंगवायला दिले, तर जुना रंग उतरवण्याचे काम वेगळेच. दुसरा प्रश्न लांबीचा. हात, बंदूक, पाठपिशवी हे भाग पुष्कळदा सुटे येतात. ते चिकटवून सांधे बुजवावे लागतात. या दोन्ही कामांत कुंचला हातात येतच नाही, म्हणून नवशिक्या त्यांचा वेळ धरायला विसरतो. मी विसरलो. माझे सात तास त्यातच गेले होते.

तिसरा अस्तराचा. धातूवर किंवा प्लॅस्टिकवर रंग नीट धरावा म्हणून आधी अस्तराचा पातळ हात द्यावा लागतो. हे काम एका दमात होते. एका शिपायाला अस्तर मारायला लागणारा वेळ आणि चोवीसांना लागणारा वेळ यांत फार अंतर नसते. त्यामुळे एकच शिपाई रंगवायचा असेल तर त्याचा दर पलटणीतील शिपायाच्या दरापेक्षा अधिक असणे न्याय्य आहे. गिऱ्हाइकाला हे उलटे वाटते. "एकच तर आहे" असे तो म्हणतो. पण रंग काढणे, मिसळणे, वाळू देणे, ब्रश धुणे ही कामे एकासाठीही तेवढीच.

चौथा प्रश्न हातांचा, आणि खरी किंमत येथे ठरते. अगदी साध्या कामात प्रत्येक भागाला त्याचा त्याचा सपाट रंग द्यायचा, त्यावर काळसर तपकिरी पातळ रंगाचा ओघळ सोडायचा म्हणजे खाचांत सावली बसते, आणि बैठकीला वाळू व हिरवळ लावायची. तीन फुटांवरून पलटण छान दिसते. खेळाला एवढे पुरते. मधल्या प्रतीच्या कामात सावलीनंतर उंच भागांवर मूळ रंग पुन्हा देऊन त्यावर फिकट रंगाचा उजेड काढायचा, पट्टे आणि बटणे वेगळी करायची, चेहऱ्याला उठाव द्यायचा. तिसरी प्रत कपाटात मांडून ठेवण्याची. त्यात रंगांच्या कडा एकमेकींत विरघळवायच्या, डोळ्यांत बुबुळ घालायचे, निशाणावरचे चित्र हाताने काढायचे. तिला वेळेची मर्यादा नाही. १९८७ साली सुरू झालेल्या 'गोल्डन डीमन' स्पर्धेसारख्या ठिकाणी उतरणारे कलावंत एकाच मूर्तीवर कित्येक दिवस खर्ची घालतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही अंगाचा रंग पुष्कळ हात देतात, पण डोळ्यांची आखणी कसलेल्या हातालाच सोपवतात. प्रतीप्रतीतला हा फरक त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतो. आपण मात्र 'एका शिपायाचे इतके' असा एकच आकडा सांगून मोकळे होतो, आणि मग मनाला पटत नाही म्हणून तिसऱ्या प्रतीचे काम पहिल्या प्रतीच्या पैशांत करीत बसतो. मी चोवीसही शिपायांना डोळे काढले. दादांनी ते मागितले नव्हते.

याच प्रश्नात रंगांचा स्वभावही येतो. पांढरा आणि पिवळा हे रंग झाकणीला कमजोर. त्यांना तीन-चार पातळ हात लागतात. घोडेस्वार म्हणजे एक शिपाई नव्हे, शिपाई अधिक घोडा अधिक खोगीर. उलट तोफेच्या गाड्याला आकार मोठा असला तरी रंग दोनच, म्हणून काम थोडे. दर उंचीवरून ठरवता येत नाही. एका शिपायावर किती वेगवेगळे रंग आहेत आणि त्यांच्या कडा कोठे कोठे भेटतात, यावरून तो ठरतो.

पाचवा प्रश्न मालाचा. रंग कोणाचे, शिपाई कोणाचे, बैठका कोणाच्या, हे आधी ठरले पाहिजे. ब्रश झिजतो, तोही माल आहे. सहावा सामान हलवण्याचा, म्हणजे येथे बांधाबांध आणि टपाल. वाटेत शिपायाची संगीन मोडली तर ती कोणाची जोखीम, हे आधीच बोललेले बरे. सातवा मुदतीचा. घाईचे काम म्हणजे दुसरे काम बाजूला सारणे. त्याचे पैसे अधिक.

मामांच्या प्रश्नांत नसलेला एक आठवा प्रश्न ऐतिहासिक शिपायांच्या बाबतीत असतो. गणवेश नेमका कोणता? येथे मी चांगलाच फसलो. असईला इंग्रजांकडे दोन स्कॉटिश पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. दोन्हींचे कोट लाल. पण कॉलर आणि बाह्यांची टोके ७८ व्या पलटणीची बदामी, तर ७४ व्या पलटणीची पांढरी. पेटीतले शिपाई ७४ व्या पलटणीचे होते. मी एक चित्र पाहून सगळ्यांना बदामी दिला. दादांनी फोटो पाहिला आणि हळहळले. मी चोवीस कॉलर आणि अठ्ठेचाळीस बाह्या पुन्हा रंगवल्या. त्यात चार तास गेले. हे चार तास कोणाचे? दादांनी रंग लिहून दिला असता आणि मी चुकलो असतो तर माझे. त्यांनी लिहून दिला नव्हता आणि मी विचारले नव्हते, तर भांडायला जागाच नाही. म्हणून एक नमुना आधी पूर्ण करून दाखवावा, गिऱ्हाइकाची पसंती घ्यावी आणि मगच बाकीचे हाती घ्यावेत. नमुन्यानंतर सांगितलेला बदल हे नवे काम समजावे. तृतीयांश किंवा निम्मी रक्कम इसार म्हणून आधी घ्यावी. अविश्वासाचे त्यात काही नाही. रंग आणायला पैसे लागतात आणि इसार दिलेले गिऱ्हाईक मन बदलत नाही.

प्रश्न झाले, आता आकडा. उदाहरण इंग्लंडचेच घेतो, कारण हा धंदा तेथे रुजलेला आहे. समजा, तेथील एका रंगाऱ्याकडे मधल्या प्रतीचे वीस पायदळ शिपाई आले. साफसफाई आणि जोडणी प्रत्येकी १० मिनिटे धरली तर २०० मिनिटे. अस्तर सगळ्यांचे मिळून ४०. मूळ रंग प्रत्येकी २५, म्हणजे ५००. सावलीचा ओघळ प्रत्येकी ५, म्हणजे १००. उजेड आणि बारीक काम प्रत्येकी २०, म्हणजे ४००. बैठका प्रत्येकी ६, म्हणजे १२०. व्हार्निश सगळ्यांचे २०. पत्रव्यवहार, फोटो, बांधाबांध १२०. एकूण १५०० मिनिटे, म्हणजे बरोबर २५ तास.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून २१ वर्षे व त्यापुढील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरले. त्या दराने २५ तासांचे ३०५.२५ पौंड. माल १५ पौंडांचा धरला तर ३२०.२५, म्हणजे एका शिपायामागे सुमारे १६ पौंड. लक्षात घ्या, हे किमान वेतन आहे, कसबाचे मोल यात धरलेलेच नाही. शिवाय हे वेतन मिळवणाऱ्या नोकरदाराला कायद्याने पगारी रजाही मिळते. स्वतंत्र धंदा करणाऱ्या रंगाऱ्याला ना रजा, ना किमान वेतनाचे संरक्षण. आजारी पडला तर कुंचला थांबतो आणि त्याबरोबर पैसेही. आता याच रंगाऱ्याने संकोचाने ५ पौंड सांगितले असे समजा. वीस शिपायांचे १०० पौंड, त्यांतून माल वजा जाता ८५. भागिले २५ तास, म्हणजे तासाला ३.४० पौंड. ब्रिटनने १९९९ साली पहिल्यांदा राष्ट्रीय किमान वेतन ठरवले ते ३.६० पौंड होते. म्हणजे हा भला माणूस पाव शतकापूर्वीच्या सर्वांत खालच्या मजुरीपेक्षाही कमी पैशांत राबला, आणि तोही बहुधा खुशीत, कारण त्याने हिशेबच केला नाही.

गिऱ्हाइकाला हा १६ पौंडांचा आकडा पटत नाही, याचे कारण त्याच्या मनात शिपायाची किंमत असते. शिपाई मिळतो दोन-तीन पौंडांना आणि रंगाचे सोळा? आपल्याकडे याला 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' म्हणतील. पण साचा एकदा केला की त्यातून हजारो शिपाई निघतात. मजुरी हजारांत वाटली जाते. रंगवणाऱ्याला प्रत्येक शिपाई पहिल्यापासून रंगवावा लागतो. येथे काही वाटले जात नाही.

आता एक गंभीर आक्षेप, जो आमच्या सरांनीच हे टिपण वाचून घेतला. ते म्हणाले, "तासावर दर लावलास तर मठ्ठाला जास्त आणि तरबेजाला कमी पैसे मिळतील. हे रास्त कसे?" आक्षेप बिनतोड आहे. कलेच्या इतिहासात त्याचा एक प्रसिद्ध खटलाच आहे. १८७७ साली समीक्षक जॉन रस्किन याने व्हिसलर या चित्रकाराच्या एका चित्रावर कडवट टीका केली. चित्राची किंमत दोनशे गिनी होती. व्हिसलरने अब्रूनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली तो सुनावणीला आला तेव्हा उलटतपासणीत त्याला विचारण्यात आले, की दोन दिवसांच्या कामाचे आपण दोनशे गिनी मागता काय? त्याने उत्तर दिले ते असे, की नाही, आयुष्यभराच्या कामातून आलेल्या ज्ञानाचे मागतो. व्हिसलर खटला जिंकला, पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खटल्याच्या खर्चाने त्याचे पुढच्या वर्षी दिवाळे निघाले.

यावरून मी असे समजतो, की तास हा तळ आहे, छत नव्हे. तासांचा हिशेब रंगाऱ्याने स्वतःसाठी करायचा, आपण कोठे बुडतो ते कळावे म्हणून. गिऱ्हाइकाला सांगायचा तो प्रतीचा दर. मी शिकाऊ आहे म्हणून मला एका शिपायाला दीड तास लागला, तर तो सगळा दीड तास दादांच्या माथी मारणे बरोबर नाही. सरावलेला माणूस तेच काम जेवढ्या वेळात करील तेवढ्याचेच मी घ्यावे. वरचा वेळ ही माझ्या शिक्षणाची फी. उलट, तरबेज माणूस अर्ध्या वेळात तेच काम तितकेच सुरेख करत असेल तर वाचलेला वेळ ही त्याच्या वर्षांची कमाई. तो दर अर्धा करायला बांधलेला नाही. २०१९ साली 'काँट्रास्ट' नावाचे रंग निघाले. फिकट अस्तरावर एकच हात दिला की ते आपोआप खाचांत गडद आणि उंचवट्यावर फिके बसतात. त्यांनी पहिल्या प्रतीचे काम भराभर होते. साधन सगळ्यांच्याच हाती आले म्हणजे त्या प्रतीचा दर हळूहळू उतरणार, आणि तो उतरला तर त्यात अन्याय नाही. हाताच्या कसबाचे तसे नसते.

दुसरी गोष्ट स्वस्ताईची. श्रीलंकेत अशा रंगशाळा आहेत, की जेथे ब्रिटन-अमेरिकेतील हौशी लोक आपली सैन्ये रंगवून घेतात. तेथील दर इंग्लंडातील रंगाऱ्याला परवडणारे नाहीत. म्हणून ते अन्यायाचे म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. रास्तपणा पौंडांत मोजायचा नसतो. काम करणाऱ्याला त्याच्या गावात त्या पैशांत काय येते, यात मोजायचा असतो. गॉलला किंवा सांगलीला घरभाडे आणि भाजी लेस्टरच्या भावाने घ्यावी लागत नाही. पण जो रंगारी आपल्याच गावच्या मजुरीच्या खाली उतरतो, त्याचा दर रास्त नव्हे, मग तो पौंडांत असो की रुपयांत. माझे पंधरा रुपये लेस्टरशी ताडण्याची गरज नव्हती. आमच्या बाहेरच्या खोलीशी ताडले तरी पुरे होते.

आणि हौसेचे काय? पुष्कळ लोक हा छंद आवडतो म्हणून फक्त रंगाच्या पैशांत शिपाई रंगवून देतात. मित्राला दिलेली भेट म्हणून ते उत्तम आहे. पण त्यावर 'दर' अशी पाटी लावली की नुकसान सुरू होते, कारण पुढच्या माणसाला तोच आकडा ऐकवला जातो. आपल्यातल्या किती जणांनी हे भोगले आहे! स्नेहसंमेलनाचा पडदा, लग्नातली रांगोळी, दुकानाचा फलक, कोणाच्या आजोबांचे तैलचित्र. "तुझ्या हाताचं काम, तुला काय वेळ लागतो?" असे म्हणून काम सांगितले जाते आणि शेवटी पाकिटात काहीतरी हातावर टेकवतात. त्याला आपण 'मानधन' म्हणतो. त्यात मान पुष्कळ असतो. मामांना कोणी मानधन देऊ पाहिले तर ते परांची सोडून निघून जातील. द्यायचे असेल तर फुकट द्यावे आणि तसे स्पष्ट सांगावे. घ्यायचे असेल तर पूर्ण घ्यावे. मधले अर्धवट दान कोणाच्याच उपयोगी पडत नाही. घेणाऱ्याला उपकार वाटत नाही आणि देणाऱ्याला राग येत राहतो.

डिसेंबरात दादांचे पत्र आले. ७८ व्या पलटणीचे चोवीस शिपाई पाठवू का, दर तोच ना? मी एक रात्र घेतली. मग लिहिले, की दादा, मागच्या वेळी मी दर चुकीचा सांगितला, चूक माझी होती, त्याचे मागे काही मागत नाही. यापुढे साध्या प्रतीचे ऐंशी रुपये नगाला, मधल्या प्रतीचे एकशे तीस. रंग माझे, टपाल तुमचे. एक नमुना आधी, निम्मे पैसे इसार, आणि गणवेशाचे रंग कृपया लिहून द्यावेत. एकशे तीस कसे आले तेही खाली मांडले. चोवीस शिपायांना सरावाचे अठ्ठावीस तास, तासाला शंभर, माल तीनशे. आकडा पाठवताना हात थोडा कापत होता हे कबूल करतो. माणूस आपला, मोठा, प्रेमाचा. वाईट वाटेल, काम जाईल, असे दोन्ही मनात होते.

चार दिवस उत्तर आले नाही. पाचव्या दिवशी आले. बारा मधल्या प्रतीचे, बारा साधे. मागच्या रांगेला डोळे नकोत, ते कोणाला दिसतात? बाराचे पंधराशे साठ, बाराचे नऊशे साठ. तोच नऊशे साठ, फक्त चोवीसांऐवजी बारांचा. दादांचा खर्च त्यांच्या आवाक्यात राहिला, कारण त्यांनी हात कमी केले. माझी हजेरी कमी झाली नाही.

काम ठरवलेल्या तासांत व्हायला हवे होते, प्रत्यक्षात तीन तास अधिक लागले. वरचे तीन माझे. मागच्या रांगेतल्या एका शिपायाला मी तरीही डोळे काढले. ते मात्र हिशेबात धरलेले नाहीत.